घरच्या माइनक्राफ्ट सर्व्हरचं नेटवर्क: आधी आयपी तपासा, मग राउटरला हात लावा

माइनक्राफ्टचा सर्व्हर घरच्या कॉम्प्युटरवर चालू करणं हे तासाभराचं काम आहे. सर्व्हरची जार फाइल उतरवायची, जावा टाकायचा (१.२०.५ पासून किमान जावा २१ लागतो, सगळ्यात नव्या आवृत्त्यांना त्याहूनही नवा), युला (वापराच्या अटींच्या) फाइलमध्ये 'फॉल्स'च्या जागी 'ट्रू' लिहायचं आणि पुन्हा चालवायचं. काळ्या खिडकीत 'डन' अशी ओळ उमटली की सर्व्हर उभा राहिला. त्याच कॉम्प्युटरवर गेम उघडून पत्त्याच्या जागी 'लोकलहोस्ट' लिहिलं की आपण आपल्या जगात. गाडी अडते ती पुढे. सांगलीची आतेबहीण किंवा कॅलिफोर्नियातला मामेभाऊ त्याच जगात यायला बघतात आणि त्यांच्या स्क्रीनवर 'कनेक्शन टाइम्ड आउट' येतं.

इथे बहुतेक नवखे लोक राउटरचं पोर्ट फॉरवर्डिंगचं (बाहेरून आलेली जोडणी घरातल्या ठरावीक कॉम्प्युटरकडे वळवण्याचं) पान उघडून बसतात आणि तिथेच रात्र जाते. आपल्याकडच्या घरगुती इंटरनेटवर मात्र दोष बरेचदा राउटरमधल्या सेटिंगचा नसतोच. जोडणीला स्वतःचा पब्लिक आयपीच, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा इंटरनेटवरचा पत्ता, मिळालेला नसतो, आणि मग राउटरमध्ये काहीही केलं तरी उपयोग होत नाही. म्हणून या लेखातला क्रम मोडू नका. आधी घरातल्या घरात चालतं का ते बघा, मग पब्लिक आयपी आहे का ते तपासा, त्यानंतरच पोर्ट उघडा आणि शेवटी बाहेरून चाचणी घ्या. प्रत्येक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची चढू नका.

एक सूचना: आज्ञा, फाइलींची नावं आणि पत्ते इथे देवनागरीत लिहिले आहेत. कॉम्प्युटरवर टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा.

आधी ठरवा: जावा की बेडरॉक

माइनक्राफ्टच्या दोन आवृत्त्या आहेत आणि त्यांचं नेटवर्क वेगळं आहे. माहिती पाठवण्याच्या टीसीपी आणि यूडीपी अशा दोन पद्धती (प्रोटोकॉल) आहेत. कॉम्प्युटरवरची जावा आवृत्ती टीसीपी पोर्ट २५५६५ वापरते. मोबाइल, टॅब्लेट, एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशनवर बेडरॉक आवृत्ती असते. तिचा सर्व्हर यूडीपी पोर्ट १९१३२ वर ऐकतो (आयपीव्ही६, म्हणजे नव्या प्रकारच्या आयपी पत्त्यांसाठी १९१३३). टीसीपी आणि यूडीपी यांची अदलाबदल झाली तर बाकी सगळं बरोबर असूनही कुणी आत येऊ शकत नाही, आणि ही चूक सहज नजरेत भरत नाही. पुढचं सगळं मी जावा आवृत्ती धरून लिहितो आहे. बेडरॉकवाल्यांनी पोर्ट आणि प्रोटोकॉल तेवढे बदलून घ्यावेत.

पायरी १: घरातल्या घरात

ज्या कॉम्प्युटरवर सर्व्हर आहे त्याचा घरातला पत्ता शोधा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' टाइप करा आणि 'आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस' असं लिहिलेली ओळ बघा. लिनक्सवर 'आयपी ए' ही आज्ञा आहे. पत्ता साधारण १९२.१६८.१.२५ असा दिसेल. काही राउटरांवर तो १९२.१६८.०, १९२.१६८.२९ किंवा १० ने सुरू होतो, त्याने फरक पडत नाही. कॉम्प्युटरवर व्हर्च्युअल मशिनं किंवा व्हीपीएन असेल तर यादीत दोनतीन अ‍ॅडॅप्टर दिसतील. त्यातला 'डिफॉल्ट गेटवे' या ओळीपुढे आकडा असलेला अ‍ॅडॅप्टर आपला.

आता त्याच वाय-फायवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून गेम उघडा, 'मल्टिप्लेअर'मध्ये 'डायरेक्ट कनेक्शन' निवडा आणि तो पत्ता टाका. आत गेलात तर सर्व्हर आणि फायरवॉल दोन्ही ठीक आहेत, सरळ दुसऱ्या पायरीवर जा.

नाही गेलात तर संशय विंडोजच्या फायरवॉलवर घ्या. सर्व्हर पहिल्यांदा चालू करताना विंडोज विचारतं की या प्रोग्रॅमला नेटवर्कवर येऊ द्यायचं का. घाईत त्या चौकटीवर 'कॅन्सल' दाबलं गेलं तर विंडोज नुसतं गप्प बसत नाही, जावासाठी मज्जाव करणारा नियम करून ठेवतं. नंतर तुम्ही २५५६५ उघडणारा नियम कितीही वेळा केलात तरी हा मज्जाव वरचढ ठरतो, कारण विंडोज फायरवॉलमध्ये 'ब्लॉक' नेहमी 'अलाउ'ला हरवतो. स्टार्टमध्ये 'डब्ल्यूएफ डॉट एमएससी' टाइप करा, 'इनबाउंड रूल्स' उघडा आणि 'ओपनजेडीके प्लॅटफॉर्म बायनरी' किंवा 'जावा प्लॅटफॉर्म एसई बायनरी' या नावाच्या ओळींपुढे लाल खूण आहे का बघा. असेल तर त्या ओळी काढून टाका. मग 'न्यू रूल' घ्या: प्रकार पोर्ट, टीसीपी, आकडा २५५६५, 'अलाउ द कनेक्शन', आणि प्रोफाइलमध्ये फक्त 'प्रायव्हेट'. त्याबरोबर घरचं वाय-फाय विंडोजमध्ये 'पब्लिक' नव्हे तर 'प्रायव्हेट' म्हणून नोंदलेलं आहे ना तेही बघा, नाहीतर हा नियम लागूच होणार नाही. फायरवॉल पूर्ण बंद करून बघण्याचा सल्ला ठिकठिकाणी दिसेल. तो मानू नका. लिनक्सवर 'यूएफडब्ल्यू अलाउ २५५६५/टीसीपी' एवढं पुरतं.

अजून दोन जागा तपासण्यासारख्या आहेत. दुसरं यंत्र राउटरच्या 'गेस्ट' वाय-फायवर असेल तर त्याला घरातली बाकीची यंत्रं दिसतच नाहीत. आणि सर्व्हरच्या फोल्डरमधल्या 'सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज' या फाइलीत 'सर्व्हर-आयपी' ही ओळ रिकामी असली पाहिजे. इथे आपला पब्लिक आयपी लिहायचा असतो असं वाटणं साहजिक आहे, पण तसं केलं की सर्व्हर 'फेल्ड टू बाइंड टू पोर्ट' म्हणून चालूच होत नाही, कारण तो पत्ता राउटरचा असतो, या कॉम्प्युटरचा नव्हे. हीच चूक सर्व्हरची एक प्रत आधीच मागे चालू असली तरीही दिसते.

पायरी २: तुमच्याकडे पब्लिक आयपी आहे का

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि पाच मिनिटांची आहे.

राउटरच्या पानावर जा. पत्ता तोच, जो 'आयपीकॉन्फिग'मध्ये 'डिफॉल्ट गेटवे'पुढे होता. लॉगिनचं नाव आणि पासवर्ड बहुधा राउटरच्या मागच्या किंवा खालच्या लेबलवर छापलेला असतो. आत 'स्टेटस' किंवा 'वॅन' या पानावर इंटरनेटच्या बाजूचा आयपी दिसेल, तो कागदावर लिहून घ्या. मग ब्राउझरमध्ये 'व्हॉट इज माय आयपी' शोधा आणि तिथे दिसणारा आयपीव्ही४ पत्ता शेजारी लिहा.

दोन्ही आकडे तंतोतंत एक असतील तर पब्लिक आयपी तुमचा आहे. पायरी तीनकडे जा.

वेगळे असतील तर राउटरवरचा आकडा नीट बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यातला असेल तर तुमची जोडणी सीजीनॅटच्या मागे आहे, म्हणजे एकच पब्लिक पत्ता कंपनी अनेक ग्राहकांत वाटून देते आहे. हा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. कारण उघड आहे. आयपीव्ही४ चे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी, आणि जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. भारतात घराघरांत फायबर पोहोचलं ते त्यानंतर, त्यामुळे आपल्या वाट्याला सामाईक पत्ते जास्त आले. काही स्थानिक केबल ऑपरेटर यासाठी १० ने सुरू होणारे खासगी पत्तेही वापरतात.

पब्लिक आयपी हा सोसायटीचा पत्ता, पोर्ट म्हणजे फ्लॅटचा नंबर, आणि पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे 'या नंबरचं कुणी आलं तर वर पाठवा' असं वॉचमनला सांगून ठेवणं. सीजीनॅटमध्ये गेट कंपनीचं आणि वॉचमनही कंपनीचा असतो. तुमच्या राउटरला तिथे सूचना देताच येत नाही.

राउटरवरचा आकडा १९२.१६८ ने सुरू होत असेल तर आधी घरातच बघा. फायबरचा डबा ऑपरेटरने दिलेला आणि त्यापुढे तुम्ही स्वतः घेतलेला वाय-फाय राउटर, अशी जोडी असेल तर दोन्ही यंत्रं नॅट करत आहेत, म्हणजे आपापल्या एका पत्त्यामागे बाकीची यंत्रं झाकत आहेत. मग फायबरच्या डब्याच्या पानावर जाऊन तिथला वॅन आयपी वाचा. तो पब्लिक असेल तर उपाय दोन. एक म्हणजे ऑपरेटरला सांगून डबा 'ब्रिज मोड'वर (नुसती जोडणी पुढे देणारा) करून घ्यायचा आणि पीपीपीओईचं, म्हणजे ऑपरेटरने दिलेलं इंटरनेटचं लॉगिन आपल्या राउटरमध्ये टाकायचं. दुसरा म्हणजे आपला राउटर 'अ‍ॅक्सेस पॉइंट' (फक्त वाय-फाय देणारा) करून फॉरवर्डिंग डब्यावरच करायचं. दुसरा सोपा आहे, आणि नवख्याने तोच करावा.

सीजीनॅट निघालं तर ऑपरेटरला फोन करण्याआधी काय मागायचं ते नक्की ठरवा. नुसतं 'स्टॅटिक आयपी पाहिजे' म्हटलं तर कार्यालयांसाठीची महागडी योजना समोर येते. असं विचारा: "दादा, माझ्या लाइनवर पब्लिक आयपीव्ही४ मिळेल का? रोज बदलला तरी चालेल, पण नॅटच्या मागचा नको. आणि बाहेरून येणारे पोर्ट तुमच्याकडून बंद नाहीत ना?" हा शेवटचा प्रश्न विसरू नका. शुल्क असेल तर ते महिन्याचं की वर्षाचं, जीएसटी धरून की वेगळा, तेही तेव्हाच विचारून घ्या. ५जी वायरलेसवर चालणाऱ्या घरगुती जोडण्यांवर पब्लिक आयपीव्ही४ सहसा मिळत नाही. पब्लिक आयपी मिळणारच नसेल तर पुढच्या तीन पायऱ्या सोडून 'सीजीनॅटमधून वाट' या भागावर जा.

पायरी ३: सर्व्हरचा घरातला पत्ता पक्का करा

राउटर घरातल्या यंत्रांना पत्ते तात्पुरते देतो. आज सर्व्हरला २५ मिळाला, लाइट जाऊन आल्यावर तो ३१ होऊ शकतो, आणि मग फॉरवर्डिंग भलत्याच यंत्राकडे, कदाचित टीव्हीकडे जातं. म्हणून राउटरमध्ये 'डीएचसीपी रिझर्व्हेशन' (काही ठिकाणी 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' किंवा 'स्टॅटिक लीज') शोधा आणि सर्व्हरचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) एका आयपीशी बांधून टाका. मॅक पत्ता 'आयपीकॉन्फिग /ऑल'मध्ये 'फिजिकल अ‍ॅड्रेस' या ओळीवर मिळतो. वाय-फाय वापरत असाल तर विंडोजमधलं 'रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस' बंद आहे ना ते बघा.

शक्य असेल तर सर्व्हरला वाय-फाय देऊच नका, लॅनची केबल द्या. भिंतीपलीकडच्या वाय-फायवर एका खेळाडूला अडखळल्यासारखं होतं ते सहन होतं. सर्व्हरच वाय-फायवर असेल तर सगळे एकदम अडखळतात.

पायरी ४: एकच पोर्ट उघडा

राउटरमध्ये हे पान 'पोर्ट फॉरवर्डिंग', 'व्हर्च्युअल सर्व्हर', 'पोर्ट मॅपिंग' किंवा 'नॅट' यांपैकी कुठल्याही नावाने सापडेल. आधी 'दार उघडलंत, आता पहारा बसवा' या भागातली व्हाइटलिस्ट (परवानगी असलेल्या खेळाडूंची यादी) लावून या. मग भरायच्या गोष्टी थोड्याच आहेत. नावाच्या जागी काहीही लिहा. एक्स्टर्नल पोर्ट २५५६५, इंटर्नल पोर्ट २५५६५, प्रोटोकॉल टीसीपी, इंटर्नल आयपी म्हणजे तिसऱ्या पायरीत बांधलेला पत्ता. पोर्ट 'पासून' आणि 'पर्यंत' अशा दोन चौकटी असतील तर दोन्हींत तोच आकडा.

ऑपरेटरने दिलेल्या फायबरच्या डब्यांवर आणखी एक चौकट असते आणि तिथे पुष्कळजण फसतात. 'वॅन कनेक्शन' किंवा 'इंटरफेस' नावाच्या यादीत दोनतीन ओळी असतात: एक इंटरनेटची, एक फोनची, एक कंपनीच्या दूरस्थ देखभालीची, जिच्या नावात 'टीआर०६९' असतं. यादीत पहिली दिसते तीच आपली असेल असं नाही. ज्या ओळीत 'इंटरनेट' हा शब्द आहे ती निवडा. चुकीची ओळ निवडली तरी नियम जतन होतो, हिरवी खूण दिसते, आणि चालत मात्र काहीच नाही.

आता काय करू नये ते. 'डीएमझेड' नावाची सोय मोहात पाडते, कारण ती चालू केली की सगळं लगेच चालतं. ती त्या कॉम्प्युटरचे सगळे पोर्ट जगाला उघडे करते. ज्या कॉम्प्युटरवर घरातले फोटो आणि बँकेचे व्यवहार आहेत त्याच्या बाबतीत हे कधीही करू नका. 'यूपीएनपी' बंद ठेवा, म्हणजे घरातलं एखादं स्वस्त यंत्र तुम्हाला न विचारता पोर्ट उघडणार नाही. माइनक्राफ्टचं दूरस्थ नियंत्रण, म्हणजे आरकॉन, पोर्ट २५५७५ वापरतं आणि त्याचा पासवर्ड उघडाच प्रवास करतो. तो पोर्ट बाहेर काढू नका. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ तर अजिबात नाही. आणि या पानावर आलाच आहात तर राउटरचा लेबलवरचा पासवर्ड बदलून टाका.

पायरी ५: बाहेरून चाचणी

सर्व्हर चालू ठेवा. बंद सर्व्हरचा पोर्ट तपासणारं संकेतस्थळ 'क्लोज्ड'च सांगणार, भलेही फॉरवर्डिंग बरोबर असो. आणि घरच्याच वाय-फायवरून आपला पब्लिक आयपी टाकून बघू नका. बरेच राउटर आतून बाहेर जाऊन पुन्हा आत येऊ देत नाहीत, त्यामुळे बाहेरच्यांना चालत असूनही तुम्हाला बंद दिसतं. लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा आणि त्यावरून पब्लिक आयपी टाकून आत जाऊन बघा. घरात खेळताना मात्र आपण स्वतः १९२.१६८ वालाच पत्ता वापरायचा.

अडलं तर येणारा संदेश नीट वाचा, त्यात अर्धं उत्तर असतं.

'कनेक्शन रिफ्यूज्ड': निरोप कुठल्या तरी यंत्रापर्यंत पोचला, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नव्हतं. सर्व्हर बंद आहे, पोर्टचा आकडा चुकला आहे, किंवा फॉरवर्डिंग घरातल्या दुसऱ्याच यंत्राकडे जातं आहे.

'कनेक्शन टाइम्ड आउट': निरोप वाटेतच गिळला गेला. फायरवॉल, चुकीचा वॅन इंटरफेस, किंवा सीजीनॅट. पायरी दोनची तुलना पुन्हा करा.

'अननोन होस्ट': पत्त्याचं नाव चुकीचं लिहिलं आहे किंवा ते अजून नोंदलं गेलेलं नाही.

'आउटडेटेड क्लायंट' किंवा 'यू आर नॉट व्हाइटलिस्टेड' दिसलं तर आनंद माना. नेटवर्क पूर्ण चालू आहे. राहिलेलं काम गेमच्या आतलं आहे.

बेडरॉकवाल्यांसाठी: पोर्ट तपासणारी बहुतेक संकेतस्थळं टीसीपीच तपासतात, त्यांच्या उत्तरावर यूडीपीचा निकाल लावू नका.

पत्त्याला नाव द्या

पब्लिक आयपी बदलता असेल तर प्रत्येक वेळी घरच्या ग्रुपवर नवा आकडा टाकणं कुणालाच परवडत नाही. डायनॅमिक डीएनएसची सेवा घ्या. डकडीएनएस आणि नो-आयपी यांच्या मोफत सेवा आहेत, आणि पुष्कळ राउटरांत 'डीडीएनएस' नावाचं पान तयार असतं. राउटर किंवा सर्व्हरवरचा छोटा प्रोग्रॅम आयपी बदलला की नावाला नवा आकडा जोडतो, आणि भावंडांनी फक्त नाव लक्षात ठेवायचं. स्वतःचं डोमेन असेल आणि पोर्ट २५५६५ सोडून दुसरा असेल तर 'एसआरव्ही' नोंद करा. जावा आवृत्ती ती वाचते आणि पत्त्यापुढे पोर्ट लिहावा लागत नाही.

सीजीनॅटमधून वाट

पब्लिक आयपी नाही म्हणून हिरमोड करून घेऊ नका. तीन वाटा आहेत.

खेळणारे पाचसात ओळखीचेच असतील तर माझं मत स्पष्ट आहे: टेलस्केल किंवा झीरोटियर वापरा, पब्लिक आयपी असला तरीसुद्धा. ही सॉफ्टवेअरं सगळ्यांच्या कॉम्प्युटरांचं एक खासगी जाळं तयार करतात. प्रत्येकाने ते टाकायचं आणि आपल्या जाळ्यात सामील व्हायचं. मग जाळ्यातला सर्व्हरचा पत्ता गेममध्ये टाकला की झालं. राउटरला हात लावावा लागत नाही, कुठलाही पोर्ट जगाला उघडा राहत नाही. एक गोष्ट ध्यानात ठेवा, टेलस्केल यंत्रांना जे पत्ते देतं तेही १००.६४ ते १००.१२७ याच पट्ट्यातले असतात. ते दिसले म्हणून सीजीनॅट समजून घाबरू नका. उणीव एकच: प्रत्येक खेळाडूच्या यंत्रावर काहीतरी बसवावं लागतं, आणि प्लेस्टेशनवर ते जमत नाही.

दुसरी वाट बोगद्याची, म्हणजे प्लेइट डॉट जीजीसारख्या सेवा. तुमचा सर्व्हर बाहेर जाऊन त्यांच्या यंत्राशी जोडला जातो, ते तुम्हाला एक पत्ता देतात, आणि खेळाडू त्या पत्त्यावर येतात. खेळाडूंना काहीच बसवावं लागत नाही. पण सगळी वाहतूक त्यांच्या केंद्रातून फिरून येते, म्हणून ते केंद्र जितकं लांब तितका पिंग (निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ) वाढतो. शिवाय हा पत्ता उघडा असतो, तेव्हा पुढचा सुरक्षिततेचा भाग इथेही तंतोतंत लागू आहे.

तिसरी वाट आयपीव्ही६. भारतात ही चांगलीच पसरली आहे, मोबाइल डेटावर तर विशेष. आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक यंत्राला स्वतःचा जागतिक पत्ता मिळतो, फॉरवर्डिंगचा प्रश्नच नाही. राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये सर्व्हरच्या पत्त्यासाठी टीसीपी २५५६५ ला परवानगी द्यायची, बस. 'आयपीकॉन्फिग'मध्ये २ ने सुरू होणारे पत्ते शोधा. 'एफई८०'ने सुरू होणारा घरापुरताच असतो. त्यातला 'टेम्पररी' लिहिलेला पत्ता घेऊ नका, तो बदलत राहतो. गेममध्ये पत्ता चौकोनी कंसात लिहायचा आणि त्यापुढे कोलनचं चिन्ह (:) देऊन पोर्ट. दोन्ही टोकांना आयपीव्ही६ असायला हवं, आणि काही ऑपरेटरांच्या डब्यांत आयपीव्ही६ ची फायरवॉल बदलण्याची सोयच नसते; तसं असेल तर पहिल्या वाटेकडे वळा.

दार उघडलंत, आता पहारा बसवा

२५५६५ उघडा असलेले पत्ते शोधत इंटरनेटभर फिरणारे बॉट आहेत. तुम्ही कुणाला पत्ता दिला नाही म्हणून तो कुणाला सापडणार नाही, असं नसतं. सर्व्हरच्या नोंदीत अनोळखी नावं दार ठोठावून गेलेली दिसतील. म्हणून पहिल्या दिवशीच, पोर्ट उघडण्याआधी, सर्व्हरच्या खिडकीत 'व्हाइटलिस्ट ऑन' लिहा आणि 'व्हाइटलिस्ट अ‍ॅड' पुढे एकेकाचं नाव देऊन मोजकीच माणसं आत घ्या. घरातली मुलं खेळणार असतील तर याला पर्याय नाही. अनोळखी माणसाशी त्यांचं चॅट सुरू होण्याचा धोका इथेच थांबतो.

'सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज'मध्ये 'ऑनलाइन-मोड' ट्रू असू द्या. विकत न घेतलेल्या गेमवाल्या मित्रांसाठी तो फॉल्स करण्याचा आग्रह होतो. तो फॉल्स केला की सर्व्हर कुणाची ओळख पडताळतच नाही. कुणीही तुमचंच नाव घेऊन येईल, व्हाइटलिस्ट त्याला तुम्हीच समजेल, आणि तुमचे अ‍ॅडमिनचे सगळे अधिकार त्याच्या हातात जातील. उघड्या पोर्टवर असा सर्व्हर ठेवू नका. मित्रांसाठी अगदीच गरज असेल तर तो खासगी जाळ्यातच चालवा.

सर्व्हर अद्ययावत ठेवा. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या जावाच्या नोंदी ठेवणाऱ्या भागात भोक सापडलं, ते लॉग४शेल नावाने गाजलं. माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये विशिष्ट मजकूर लिहून सर्व्हरच्या कॉम्प्युटरवर हवा तो प्रोग्रॅम चालवता येत होता. १.१८.१ मध्ये ते बुजवलं गेलं. एखाद्या आवडत्या मॉडसाठी त्याहून जुनी आवृत्ती चालवायची असेल तर मोजांगने (माइनक्राफ्ट बनवणाऱ्या कंपनीने) दिलेला उपाय लावल्याशिवाय पोर्ट उघडू नका. शक्य असेल तर सर्व्हर कॉम्प्युटरवरच्या वेगळ्या, साध्या खात्यातून चालवा, अ‍ॅडमिनच्या नव्हे.

अडखळतंय? आधी दोष कुणाचा ते ओळखा

सर्व्हरच्या खिडकीत 'कान्ट कीप अप' ही ओळ वारंवार येत असेल तर नेटवर्क निर्दोष आहे, कॉम्प्युटर दमतो आहे. गेम सेकंदाला २० टिक्स चालतो, म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद. तेवढ्यात काम उरकत नाही म्हणून ही ओळ येते. 'सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज'मधला 'व्ह्यू-डिस्टन्स' (खेळाडूला किती दूरपर्यंतचं जग दाखवायचं तो आकडा) मूळचा १० असतो, तो ७ किंवा ६ करा. कॉम्प्युटरचं काम आणि नेटवर्कवरचा भार दोन्ही उतरतात.

ती ओळ नसेल तर अपलोड तपासा. सर्व्हर माहिती पाठवतो जास्त, म्हणून जाहिरातीतला डाउनलोडचा मोठा आकडा इथे कामाचा नाही. फायबरच्या बऱ्याच प्लॅनमध्ये अपलोड डाउनलोडइतकाच असतो, जुन्या केबलच्या आणि वायरलेस जोडण्यांवर तो खूप कमी भरतो. घरातल्या कुणाच्या फोनचे फोटो क्लाउडवर चढत असताना खेळ अडखळतो तो याचमुळे.

आणि कॅलिफोर्नियातल्या भावाची तक्रार कधीच पूर्ण सुटणार नाही. पुण्यापासून सॅन फ्रान्सिस्को सरळ रेषेत सुमारे साडेतेरा हजार किलोमीटर आहे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन येऊन किमान १३५ मिलिसेकंद लागणारच, आणि केबल सरळ रेषेत जात नाहीत म्हणून प्रत्यक्षात २०० च्या वर. घर बांधायला, शेती करायला एवढा पिंग चालतो. तलवारबाजीत मात्र तो हरणार, हे त्याला आधीच सांगून ठेवा.

लाइट जाते तेव्हा

कॉम्प्युटर अचानक बंद पडला तर जगाच्या फाइली अर्धवट लिहिल्या जाऊन बिघडू शकतात. सर्व्हर बंद करताना खिडकी कधीही फुलीवर टिचकी मारून मिटू नका, 'स्टॉप' लिहा. कॉम्प्युटरला यूपीएस नसेल तर निदान 'वर्ल्ड' फोल्डरची रोज एक प्रत वेगळ्या डिस्कवर जाईल अशी सोय करा, आणि प्रत घेताना सर्व्हर बंद असू द्या. राउटर आणि फायबरच्या डब्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. विकत घेण्याआधी दोन्ही डब्यांच्या अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून जुळवून घ्या.

सर्व्हरचा कॉम्प्युटर सतत चालू ठेवायचा असेल तर त्याच्या बायॉसमध्ये 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' चालू करा आणि सर्व्हर आपोआप सुरू होईल असं शेड्युल लावा. लाइट आल्यावर कुणी आत येऊ शकत नसेल तर तपासायचा क्रम असा: सर्व्हरच्या खिडकीत 'डन' आलं का, सर्व्हरचा घरातला पत्ता तोच आहे का, राउटरवरचा वॅन आयपी अजून पब्लिकच आहे का, आणि डायनॅमिक डीएनएसच्या नावाला तोच आयपी जोडलेला आहे का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर ऑपरेटरने तुम्हाला पुन्हा सीजीनॅटच्या गटात टाकलं आहे. राउटरच्या स्टेटस पानाचा फोटो काढा आणि तोच दाखवून पब्लिक आयपी परत मागा.